आक्का, सोयाबीन खायला तू शिकवलंस

आक्का,

तुझ्या दहाव्याला बिडकीनच्या घरी बायका जमल्या होत्या. चहा फिरत होता आणि कोपऱ्यातून कुणीतरी हळूच म्हणालं, "एवढं जपानी खात व्हती, काय उपयोग झाला?" वाईट मनानं म्हणाली नसेल ती. गावाकडून आलेली, तुझ्याहून वयानं मोठी बाई. पण माझ्या हातातला ट्रे थांबला. वीस वर्षं मी नर्स म्हणून काम करते. माणसं गेल्यावर नातेवाईक काय काय बोलतात ते ऐकत आले, कधी उलट उत्तर दिलं नाही. त्या दिवशीही दिलं नाही. खरं तर उत्तर मला येत होतं, तुझ्याच तोंडून ऐकलेलं. पण ते सांगायचं तर आधी सगळंच सांगावं लागलं असतं, आणि बायकांचा चहा संपत आला होता. म्हणून तुलाच लिहिते. यातलं पुष्कळ तुला ठाऊक आहे. थोडंसं ठाऊक नाही.

तीन वर्षांपूर्वी तू त्या गेस्ट हाऊसवर कामाला लागलीस तेव्हा मीच आडवी आले होते. बिडकीनकडं नवा कारखाना उभा राहत होता, त्याची यंत्रं बसवायला जपानहून माणसं आली होती, आणि त्यांना पैठण रोडला एका बंगल्यात ठेवलं होतं. तुझा पोरगा पुण्याला नोकरीला गेलेला, दाजी वाळूजच्या शिफ्टला. पन्नाशीला आलेली माझी बहीण परक्या लोकांची भांडी घासणार, हे मला पटेना. तू म्हणालीस, घरी बसून काय करू, भिंतीशी बोलू? आणि दुसऱ्या दिवशी पदर खोचून गेलीस.

पहिल्या आठवड्यात तुझा फोन आला तो वाट्यांचा. एक माणूस जेवला की सात वाट्या घासायला पडतात, म्हणालीस. सात! अन् एकेकीत चार घास. मी हसले. तू मात्र हसत नव्हतीस. तुला नवल वाटलं होतं. आपल्याकडं ताट भरून वाढणं म्हणजे माया, आणि ही माणसं एवढ्याशा वाटीकडं देवाकडं बघावं तसं बघून जेवतात, असं तू मला सांगत होतीस.

त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्कर माणसाचं आडनाव मोरी. "भल्या माणसाला मोरी कसं म्हणू गं? भांडी घासायच्या जागेला म्हणतो आपण," असं म्हणून तू पहिल्याच दिवशी त्यांचं मोरेसाहेब करून टाकलंस. त्यांनीही ते मानलं. आपण कोण झालो ते त्यांना कळलं होतं की नाही, कोण जाणे.

मोरेसाहेब सकाळचं स्वतःचं स्वतः करायचे. भात, एक पातळ सूप, आणि शहरातल्या दुकानातून आणलेलं टोफूचं गोठलेलं पाकीट. ते पाकीट फोडायचे, त्यावर बोट दाबायचे आणि सुस्कारा सोडायचे. टोफू कशाचं असतं ते तुला माहीत नव्हतं. एक दिवस त्यांनी मोबाईलवर दाण्याचं चित्र दाखवलं. तू बघतच राहिलीस. हे तर आपलं सोयाबीन. पुढच्या रविवारी तू गंगापूरकडं गेलीस आणि आपल्या शेतातलं, चुलतभावानं पेरलेलं सोयाबीन पिशवीभर घेऊन आलीस. मोरेसाहेबांनी मूठभर दाणे तळहातावर घेतले, खिडकीपाशी उजेडात नेले, बोटानं एकेक सारून पाहिले, आणि मग त्या तळहातासमोर मान लववली.

"दाण्याला नमस्कार केला गं त्यानं," हे तू मला दहा वेळा तरी सांगितलं असशील. दहाही वेळा तुझा आवाज तसाच खाली यायचा.

मी तेव्हा त्यात काही पाहिलं नाही. आता मात्र विचार करते. सगळा जन्म आपण सोयाबीनमध्ये काढला. खुरपलं आपण, काढलं आपण, त्या काटेरी शेंगांनी हात सोलून घेतले आपण. मळणी झाली की पोती ट्रॉलीत चढायची आणि मोंढ्याला जायची. त्यातला दाणा कधी आपल्या चुलीवर चढला नाही. फार तर दुकानातले चंक्स आणून भाजी करायची, तीसुद्धा पाहुणे आले आणि मटण नसलं तर. अण्णा तर म्हणायचे, हे मिलचं पीक, माणसाचं नव्हं. मेंढरं विकून शेती धरलेला आपला बाप. दूध, चीक, मटण, भाकरी यापलीकडं अन्न त्यांना माहीत नव्हतं. आणि साता समुद्रापलीकडून आलेला एक म्हातारा त्याच दाण्यापुढं वाकला. ते बघून दुसरं कुणी हसून विसरलं असतं. तू विसरली नाहीस.

टोफू तू त्यांच्याकडून शिकलीस. रात्रभर भिजवायचं, मिक्सरला बारीक करायचं, फडक्यातून दूध गाळायचं, ते दूध चांगलं उकळायचं, फेस वर आला की आच बारीक करायची. मग त्यांनी दिलेल्या बाटलीतलं कडसर पाणी घालायचं. समुद्राच्या पाण्यातलं मीठ काढून घेतल्यावर उरतं ते पाणी. मग वाट बघायची. गाळून उरलेला चोथा टाकायला तुझा जीव होईना. तू त्यात ज्वारीचं पीठ, लसूण, ओवा, तीळ घालून धपाटे केलेस आणि दाजींच्या डब्यात दिलेस. दाजींनी आठवडाभर विचारलंसुद्धा नाही की यात काय आहे. आवडलं, म्हणून खाल्लं. त्यांना कळलं तेव्हा त्यांचे मित्रही मागायला लागले होते.

समुद्राचं शेवाळ मात्र आपल्या घरात चाललं नाही. तोवर अण्णा तुझ्याकडं राहायला आले होते. मोरेसाहेबांनी दिलेले काळे चुरगळलेले तुकडे तू पाण्यात टाकलेस आणि ते पानासारखे फुलून वर आले. तू लहान पोरीसारखी टाळी वाजवलीस. अण्णांनी वाटीत डोकावून विचारलं, हे काय? तू म्हणालीस, समुद्रातलं गवत. अण्णा म्हणाले, "मंग मेंढरं बोलाव, कौसे." त्यानंतर तू शेवाळाच्या जागी शेवग्याचा पाला टाकायला लागलीस, कधी तांदुळजा. मेथी नुसती उकडून, पिळून, त्यावर भाजलेले तीळ कुटून घालायचीस, तेही मोरेसाहेबांकडचंच. पण खाताना वाटायचं की हे तर आपल्याकडं पहिल्यापासून असायला हवं होतं. रताळं उपवासाविनाही उकडायला लागलीस. आणि घरातल्या सगळ्यात लहान वाट्या पुढं आल्या. एकेका ताटात चार-पाच, प्रत्येकीत थोडंथोडं. पोटात चार घासांची जागा राहिली की उठायचं, असा कायदा तू काढलास. तो दाजींनी पाळला नाही, मी पाळला नाही, तू पाळलास.

आणि मिसो, म्हणजे उकडलेलं सोयाबीन मिठात आंबवून मुरवलेलं चाटण. त्यासाठी लागतो बुरशी लावलेला तांदूळ. मोरेसाहेबांनी सुट्टीवरून येताना तो वाळवलेला आणला होता. बुरशी हा शब्द ऐकून माझ्यातली नर्स उभी राहिली. मी म्हणाले, आक्का, बुरशी खायची? तू शांतपणे विचारलंस, दह्याला आपण इरजण लावतो ते काय असतं? पहिली बरणी हिरव्या लवीनं भरली, ती तू उकिरड्यावर नेऊन पुरलीस. दुसरी मे महिन्यात पश्चिमेच्या भिंतीला ठेवली, ती काळी आणि कडू झाली. तिसरीला तू ओलं पोतं गुंडाळलंस आणि रांजणामागं, घरातल्या सगळ्यात गार जागी ठेवलीस. रोज पोतं ओलं करायचीस. दिवाळीनंतर झाकण काढलंस आणि मला फोनवर नुसतं म्हणालीस, ये. मी आले. बरणीतून ताज्या गुळाचा आणि जुन्या लोणच्याचा मिळून एक वास येत होता. तू करंगळीवर चाटण दिलंस. मला आवडलं होतं आणि मी ते कबूल करणार नव्हते.

त्याऐवजी मी बीपीचं मशीन काढलं. तुझं प्रेशर आधीपासून चढलेलं. मी म्हणाले, यात मीठ किती असतं माहीत आहे का तुला? तू म्हणालीस, माहीत आहे, मीच तर घातलंय. मग मला स्वयंपाकघरात नेऊन मिठाची बरणी दाखवलीस, वरच्या फळीवर, हात पुरणार नाही अशी. वरणात आता मीठ घालत नाही, म्हणालीस. वरण शिजलं, गॅस बंद केला की एक चमचा मिसो पळीत विरघळवायचा आणि सोडायचा. सगळ्या घराला तेवढाच. पापड गेले, तळलेली मिरची गेली, लोणचं रविवारी. मी म्हणाले, तरी मोजायला पाहिजे. तू म्हणालीस, मोज. यावर आपण तेव्हा भांडलो, पुढच्या संक्रांतीला भांडलो, राखीपौर्णिमेला दादाच्या घरीही भांडलो, शेवटी वहिनी उठून आत गेली. हा वाद मिटला नाही, आक्का. मला अजून वाटतं, मी निम्मी बरोबर होते. निम्मी तू होतीस. तू असतीस तर मी हे बोलले नसते.

मागच्या वर्षी उन्हाच्या तोंडाशी अण्णांना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं जड झालं आणि गिळणं बिघडलं. बारा दिवस ते दवाखान्यात होते, नाकात नळी. दोनदा त्यांनी ती डाव्या हातानं उपसून काढली. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, गिळणं थोडं परत आलंय. नळी ठेवा, नाहीतर फार जपून तोंडानं प्रयत्न करून बघा, पण धोका आहे. मी लगेच म्हणाले, नळी. तू म्हणालीस, आठ दिवस द्या.

कॉरिडॉरमध्ये आपण दोघी उभ्या होतो. लोक येत-जात होते. मी तुला जे बोलले ते मला विसरता येत नाही. मी म्हणाले, "ठसका लागून श्वासनळीत गेलं तर तू जबाबदार." तू म्हणालीस, "व्हय. मी."

गिळायचे व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमकडून तू सगळं समजून घेतलंस. ताठ बसवायचं, हनुवटी खाली, लहान चमचा, एक घास गिळल्याची खात्री झाल्याशिवाय दुसरा नाही, पातळ पाणी नाही. मी आठ दिवसांची रजा टाकून बिडकीनला आले. सगळ्यांना वाटलं, बहिणीला मदत करायला आली. नाही. तू चुकशील तेव्हा तिथं असावं म्हणून मी आले होते.

पहिल्या दिवशी तू गुरगुट्या भात केलास. अण्णांनी दोन घासांनंतर तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी घट्ट वरण, त्यानं त्यांना ठसका लागला आणि मी तुझ्याकडं असं पाहिलं की तू नजर खाली घातलीस. अण्णांची गालफडं बसली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी तू वाटी घेऊन आलीस. तिच्यात पांढरं, थरथरणारं, कोमट टोफू होतं, वर गुळाचा दाट पाक आणि आल्याच्या रसाचे दोन थेंब. तू पाव चमचा उचललास. अण्णांनी तो तोंडात धरला. खूप वेळ धरला. मी पुढं सरकले. मग त्यांचा कंठ हलला. आणि त्यांनी आपणहून तोंड उघडलं.

चार-पाच चमचे झाल्यावर ते अर्ध्या तोंडानं म्हणाले, "चीक?"

मेंढरांमागं फिरलेला माणूस. व्यालेल्या मेंढीचा पहिला चीक उकडून खाल्लेला माणूस. त्यांच्या डोळ्यांत काय आलं होतं ते तू पाहिलंस आणि मीही. मी बाजूनं तुला खुणावत होते, हो म्हण, हो म्हणून टाक. दिवसेंदिवस न खाणाऱ्या पेशंटला आम्ही कितीतरी खोटं सांगतो. तू चमचा खाली ठेवलास.

"नाय अण्णा. सोयाबीन हाय. आपल्या रानातलं."

अण्णांनी तुझ्याकडं बघितलं. वाटीकडं बघितलं. मला वाटलं, संपलं. मग त्यांच्या तोंडाची डावी बाजू हळूहळू वर गेली, ते हसत होते, आणि त्यांनी परत तोंड उघडलं.

ती वाटी संपायला पाऊण तास लागला. तू एकदाही घाई केली नाहीस, एकदाही घड्याळ बघितलं नाहीस. मी बघत होते. वीस वर्षांत मी एका पेशंटला जेवणासाठी सलग पाऊण तास दिला आहे का, हे आठवायला लागले आणि थांबले. आहाराचे तक्ते मी भिंतीवर लावते. त्यातलं प्रथिन, चोथा, क्षार सगळं मला पाठ आहे. पण एक सातवी शिकलेली बाई परक्या माणसाच्या वाटीकडं टक लावून बघते, ते ध्यानात धरते, तीन बरण्या लावते, आणि वेळ येते तेव्हा त्याच ज्ञानानं बापाला पुन्हा जेवायला लावते, हे मी त्या दुपारी समोर बसून पाहिलं. मला हात जोडावेसे वाटले. मी जोडले नाहीत. उठून मागं गेले आणि उगाच वाट्या विसळत बसले.

नळी परत लागली नाही. हे सगळ्यांनाच जमेल असं नाही, ते मी आजही पेशंटच्या नातेवाइकांना बजावते. पण अण्णांना जमलं. आठवड्यानं त्यांनी मिसो घातलेला दाट भात खाल्ला, दोन महिन्यांनी कुस्करलेला धपाटा, आणि दिवाळीला काठीच्या आधारानं दारात बसून शेजाऱ्यांना सांगत होते की मिलचं पीक लई ताकदीचं असतं. तपासणीला डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहात. मी म्हणाले, हो डॉक्टर. तू बाहेर बाकावर बसली होतीस, चपला काढून, पाय वर घेऊन. मी डॉक्टरांना तुझं नाव सांगितलं नाही. हे तुला ठाऊक नव्हतं. आता सांगितलं.

यंदा होळीनंतर तुझं पोट दुखायला लागलं. तू ते पित्तावर घातलंस, मीही घातलं, नर्स असून. सोनोग्राफीत स्वादुपिंडावर गाठ दिसली आणि ती फार पुढं गेलेली होती. मोठ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, त्याआधीच तू माझ्या तोंडावरून ओळखलं होतंस. घरी आलो. मीच फुटले. मी म्हणाले की असं कसं होईल, एवढी वर्षं तू एवढं जपून खाल्लंस, तळलेलं सोडलंस, साखर सोडलीस, पोट भरायच्या आत उठलीस, आणि तुलाच हे? आम्ही सगळे वाटेल ते खात होतो.

तू पलंगावर पाय घेऊन बसली होतीस. म्हणालीस, "सुमे, मी काय मरू नये म्हणून खात व्हते का? चांगलं लागत व्हतं, म्हणून खात व्हते."

हेच ते उत्तर. हेच मला दहाव्याला त्या बाईला सांगता आलं नाही.

तू आणखीही बोललीस त्या दिवशी. आपल्या रानात काय पिकतं ते पन्नाशीला कळलं, म्हणालीस. अर्धा जन्म आंधळ्यासारखं खाल्लं, तीन वर्षं बघून खाल्लं. तीन वर्षंही लई झाली. हे सांगताना तुझा आवाज रडवेला नव्हता. मोरेसाहेबांनी दाण्यापुढं मान लववली हे सांगताना जसा खाली यायचा, तसाच खाली आला होता.

चार महिने मिळाले. शेवटी तुलाच काही जाईना. मी पुन्हा रजा काढली, या वेळी मात्र खरोखर तुझ्यासाठी. एका दुपारी मी टोफू करायला घेतलं. तू पलंगावरून आवाजावर लक्ष ठेवून होतीस. दूध उतू गेलं तेही तुला कळलं. बाटलीतलं पाणी घालून मी ढवळत राहिले, कारण ते धरत नव्हतं, आणि जितकं ढवळावं तितके त्याचे कण होत गेले. वाटीत नासलेल्या दुधासारखं काहीतरी घेऊन मी तुझ्यापाशी आले. तू बोटाच्या टोकानं ते हलवून पाहिलंस.

"तू लई ढवळलं. एकदा ढवळायचं अन् हात काढून घ्यायचा. धरायचं काम त्याचं त्याला करू द्यावं."

तरी तू दोन चमचे खाल्लेस. खाऊन मला म्हणालीस, चव चांगली आहे. तू अण्णांशी खोटं बोलली नव्हतीस. माझ्याशी बोललीस. की खरंच चांगली होती, आक्का? मी उरलेलं खाल्लं तेव्हा मला काहीच चव कळली नाही.

तू गेलीस आणि अण्णा रडले नाहीत. फक्त खाणं सोडलं म्हणावं इतकं कमी केलं. मी तुझ्या बरणीतला मिसो काढून वरणात घातला, एका चमच्याहून थोडा कमीच. दोन घास घेऊन ते भिंतीकडं तोंड करायचे. मी टोफू पुन्हा केलं, या वेळी एकदाच ढवळलं, धरलंसुद्धा. त्यांनी चमचा बाजूला सारला. मी पाऊण तास बसून पाहिलं. मग एक तास. माझ्याजवळ वेळ होता आता. तेवढ्यानं भागत नव्हतं.

परवाच्या रविवारी दाजींना गेस्ट हाऊसवरून फोन आला, आक्कांच्या वस्तू राहिल्यात. दाजींचा पाय उचलेना, म्हणून मी गेले. तीन वर्षांत मी तिथं एकदाही गेले नव्हते. मोरेसाहेब दारात उभे होते, तू सांगायचीस तसेच बुटके, ताठ. मला बघून ते कमरेत इतके वाकले की मी गोंधळले. मला आत स्वयंपाकघरात नेलं. तुझ्या चपला, डबा आणि एक जुनं स्वेटर नीट घडी घालून ठेवलेलं होतं. आणि ओट्यावर पीठ मळायची काठवट होती. शेजारी लोखंडी तवा, ज्वारीच्या पिठाचा डबा. मला वाटलं, तू दुपारी स्वतःपुरतं काही करत असशील.

मोरेसाहेबांनी बाह्या वर केल्या, हात धुतले आणि काठवट पुढं ओढली.

आक्का, हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. इतकी वर्षं मी समजत होते की तू शिकत होतीस आणि ते शिकवत होते. त्यांनी पीठ घेतलं, कढत पाणी थोडंथोडं ओतलं, तळव्याच्या टाचेनं रगडून रगडून मळलं. गोळा घेतला, खाली पीठ भुरभुरलं, आणि थापायला लागले. बोटं जवळ धरून, कडेकडेनं फिरवत, तुझ्यासारखी. मधेच भाकरीला कडेला चीर गेली. ते थांबले आणि स्वतःशीच म्हणाले, "भिऊ नको. थाप." तुझ्याच बोलण्यातला हेल होता त्यात. चीर बोटानं सांधून त्यांनी भाकरी दोन्ही तळव्यांवर उचलली, तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. पलटली, मग आचेवर धरली. भाकरी फुगली. सत्तरीकडं झुकलेला तो माणूस त्या फुगलेल्या भाकरीकडं बघत होता आणि मी त्याच्याकडं.

मग मोबाईल काढून ते आपल्या भाषेत बोलले आणि यंत्रानं मला मराठीत सांगितलं. तू त्यांना सहा महिने शिकवलं होतंस. सकाळच्या भाताऐवजी अर्धे दिवस आता भाकरी असते. दोन महिन्यांनी ते परत जाणार आहेत, तेव्हा पीठ घेऊन जाणार. त्यांची बायको घरी वाट बघते आहे, तिलाही भाकरी थापायला शिकवायचं आहे. ते पीठ संपलं आणि तिकडं मिळालं नाही तर काय, असं मी विचारलं. ते पुन्हा मोबाईलशी बोलले आणि यंत्र म्हणालं, "आक्का म्हणाल्या होत्या, दुसऱ्याच्या रानात आपलं अन्न सापडतं. शोधावं लागतं."

त्यांनी दोन भाकरी केल्या, पांढऱ्या फडक्यात बांधल्या, दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरल्या आणि एकच शब्द बोलले, "अण्णा." तू त्यांना अण्णांबद्दल सांगितलं होतंस. काय काय सांगितलं होतंस, आक्का?

बिडकीनला पोचेपर्यंत भाकरी कोमट राहिली होती. अण्णा दारात खाटेवर बसले होते. मी भाकरी आणि तिळाची मेथी पुढं ठेवली. त्यांनी डाव्या हातानं तुकडा मोडला, तोंडात घातला आणि सावकाश चावला. मग भाकरी उलटी करून तिचा पापुद्रा पाहिला, कडेवरून अंगठा फिरवला.

"कुणी केली?"

मी सांगितलं, मोरेसाहेबांनी. त्यांनी भुवई वर केली, म्हणून मी पुन्हा सांगितलं, जपानी साहेबांनी. आक्कानं शिकवलं त्यांना.

अण्णांनी पुन्हा एकदा भाकरीच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "हात कौसीचा हाय."

आणि त्यांनी दुसरा तुकडा मोडला. मग तिसरा. मी तिथंच उंबऱ्यावर बसून राहिले, आक्का, आणि त्यांनी ती भाकरी पुरी खाल्ली.